कुंडीतला टोमॅटो सारखा माना टाकतोय? पाणी घालण्याआधी हे बघा

रोप कमरेएवढं झालेलं, फुलांचे घोस आलेले, दोन-चार हिरवी फळंही धरलेली, आणि एका दुपारी सगळं झाड मलूल. अशा वेळी हात आपोआप पाण्याच्या मगाकडे जातो. संध्याकाळी झाड थोडं सावरतं, दुसऱ्या दुपारी पुन्हा लोंबतं, पुन्हा पाणी. आठवड्याभरात झाड हातचं जातं. पुढच्या हंगामात त्याच कुंडीत, त्याच मातीत नवं रोप लावलं की पुन्हा तेच. गच्चीवर आणि बाल्कनीत टोमॅटो लावणाऱ्या कितीतरी जणांची हीच तक्रार असते, आणि पुष्कळदा झाड मूळ दुखण्यापेक्षा त्यावर केलेल्या उपायानेच आधी मरतं.

पाणी कमी पडलं तरी टोमॅटो लोंबतो आणि पाणी जास्त झालं तरी लोंबतो. मुळं कुजली, खोडाच्या नळ्या तुंबल्या, हुमणीच्या अळीने मुळं कुरतडली, मातीत क्षार साठले, तरी दिसतं तेच. पान लोंबलं याचा अर्थ एवढाच की पानातून जितकं पाणी उडतंय तितकं खालून वर पोचत नाही. ते मातीत अडलंय, मुळांत अडलंय की खोडात, हे शोधल्याशिवाय केलेला कुठलाही उपाय अंदाजपंचे ठरतो. शोधायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि बहुतेक तपासण्यांना हात आणि डोळे पुरतात.

आधी वेळ, मग वजन

झाड दुपारी लोंबलेलं दिसलं की लगेच निर्णय घेऊ नका. त्याला सकाळी, ऊन चढायच्या आत, सहा-सातच्या सुमारास बघा. सकाळी पानं ताठ आणि दुपारी बारा ते चारमध्येच सैल, असं असेल तर मुळं चालू आहेत, फक्त उन्हाच्या वेगाला पुरी पडत नाहीत. सकाळीही झाड लोंबलेलंच असेल तर मामला गंभीर आहे.

इथे एक सावधगिरी हवी. जिवाणूजन्य मर रोगाची सुरुवातही अशीच होते. पहिले एक-दोन दिवस झाड दुपारी लोंबतं, रात्री सावरतं. त्यामुळे एका सकाळीवर विसंबू नका. लागोपाठ तीन सकाळी बघा. उन्हाने लोंबणारं झाड तिन्ही सकाळी सारखंच ताजं दिसेल. रोगी झाड दर सकाळी आदल्या दिवसापेक्षा थोडं कमी उठेल.

दुसरी गोष्ट कुंडीचं वजन. पाणी घातल्यावर कुंडी किती जड लागते आणि दोन दिवस पाणी न घालता किती हलकी होते, हे हाताला एकदा कळलं की वरून माती बघायची गरज उरत नाही. वरची माती फसवते. वर अर्धा इंच कोरडी आणि खाली चिखल, किंवा वर ओली आणि आत ठणठणीत कोरडी, दोन्ही प्रकार नेहमी दिसतात. मोठी ग्रो बॅग उचलवत नसेल तर एका कडेने तिरकी करून बघा. तेही जमत नसेल तर बांबूची पातळ कामटी तळापर्यंत खोचा, पाच मिनिटांनी काढा आणि कुठपर्यंत ओलावली ते पाहा.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, तो कुंडीतही लागतो. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, बोटाने टिचकी मारली की फुटावा, आणि हाताला पाणी लागू नये. टोमॅटोच्या मुळांना ओल लागते तितकीच हवाही लागते. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं.

कुंडी हलकी आणि झाड मलूल

ही सगळ्यात सोपी केस, आणि इथेही लोक अडखळतात. पाणी घातलं, ते खालून भसकन बाहेर आलं, म्हणजे कुंडी भिजली असं वाटतं. भिजलेली नसते. काळ्या मातीचा गुणच असा की वाळली की आकसते. कुंडीची कड आणि मातीचा गड्डा यांच्यात फट पडते आणि सगळं पाणी त्या फटीतून खाली जातं. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी झिडकारतं, थेंब वरच्यावर घरंगळतात. दोन्हीवर उपाय एकच. कुंडी टबात ठेवा, टबात निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरा आणि अर्धा तास तशीच राहू द्या. खालून वर ओल चढली की बाहेर काढून निथळू द्या. कुंडी हलवण्यासारखी नसेल तर थोडं पाणी, दहा मिनिटं थांबून पुन्हा थोडं, असं चार-पाच वेळा घाला आणि कडेची फट माती दाबून बुजवा.

नर्सरीतून आणलेल्या रोपांची एक खास अडचण आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. काळ्या पिशवीतली रोपं पुष्कळदा चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा तसाच उचलून आपण भुसभुशीत कोकोपीट-गांडूळखताच्या मिश्रणात ठेवतो. भोवतीचं मिश्रण पाणी पितं, मधला गोळा वाळून विटेसारखा होतो, आणि मुळं अजून त्या गोळ्यातच असतात. कुंडी जड, माती ओली, झाड मात्र तहानेने लोंबलेलं. लावून दोन-तीन आठवडे झालेलं रोप असं वागत असेल तर बुंध्याजवळ दोन इंच खोल बोट घालून बघा. आत टणक कोरडं लागलं तर पाणी बुंध्याशीच हळूहळू घाला. कामटीने गोळ्याला चार-सहा ठिकाणी भोकं पाडली तर पाणी आत शिरतं. पुढच्या वेळी लावतानाच गोळा पाण्यात बुडवून बाहेरची माती हलक्या हाताने सोडवून घ्या.

आता कुंडीचा आकार. फळावर आलेला टोमॅटो उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज ओढतो. ८ इंची कुंडीत तेवढं पाणी मावतच नाही, मग सकाळी भरलेली कुंडी दुपारी दोनला कोरडी. अशा कुंडीत झाड रोज लोंबणार, आणि रोज लोंबणाऱ्या झाडाची फुलं गळणार, फळांच्या बुडाला काळे डाग पडणार. बुटक्या चेरी टोमॅटोला १२ इंची कुंडी चालते. उंच वाढणाऱ्या वाणाला १५ ते २० लिटर माती मावेल अशी कुंडी किंवा ग्रो बॅग घ्या. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, प्लास्टिकची सोडत नाही. म्हणून दोन्ही प्रकारच्या कुंड्यांना एकाच वेळापत्रकाने पाणी घालत असाल तर त्यातलं एक झाड नक्की त्रासात आहे.

सकाळी ताजं, दुपारी सैल

माती वाफशावर आहे, सकाळी झाड टवटवीत आहे, तर दुपारच्या लोंबण्यावर पाणी घालू नका. झाडाने पानं सैल सोडून उन्हाला सामोरं जाणारं क्षेत्र कमी केलेलं असतं, ऊन उतरलं की ते परत उठतं. पाणी घालत राहिलात तर चांगली मुळं कुजवाल.

मात्र हे रोजच होत असेल तर कुंडीच्या अंगाला हात लावून बघा. गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची पश्चिमेकडची बाजू एप्रिलच्या दुपारी हात ठेववणार नाही इतकी तापते. मुळं नेमकी कुंडीच्या कडेलाच दाट असतात, तीच भाजतात. कुंडीला गोणपाट गुंडाळा, किंवा मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत पालापाचोळा भरा, किंवा तिच्या पुढे पुदिन्याची, पालकाची बुटकी कुंडी आडोशाला ठेवा. मातीवर दोन इंच उसाचं पाचट किंवा वाळका पाला पसरा, फक्त बुंध्याला चिकटवू नका. विदर्भात, जिथे नागपूर-अकोला-चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तिथे ५० टक्के सावलीची हिरवी जाळी दुपारपुरती तरी लागतेच. खरं सांगायचं तर तिथे मे महिन्यात टोमॅटो जगवण्यापेक्षा पेरणीची वेळ बदलणं शहाणपणाचं. ३५ अंशांच्या वर फूलच टिकत नाही, मग झाड जगवून हाती काय येणार?

आणि पाण्याचं तापमान. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं, उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी दुपारी अंग भाजेल असं असतं. तहानलेल्या झाडाला दुपारी पाणी घालायला हरकत नाही, दुपारी पाणी घालू नये हा नियम उगाच ताणला जातो, पण पाइपातलं आधीचं गरम पाणी बाहेर जाऊ द्या. सकाळीच बादली भरून सावलीत ठेवली तर उत्तम.

कुंडी जड, माती ओली, झाड तरी मलूल

इथे खरी परीक्षा आहे. ओल्या मातीत लोंबणारा टोमॅटो दिसला की पाणी ताबडतोब थांबवा, आणि कारण सापडेपर्यंत खत, औषध काहीही घालू नका.

पहिला संशय साचलेल्या पाण्याचा. मुळांना हवा मिळाली नाही की ती पाणी ओढू शकत नाहीत. झाड पाण्यात उभं राहून तहानतं. या झाडाचं लोंबणं नीट पाहिलं तर वेगळं दिसतं. पानाचा देठ खाली वळलेला असतो, पण पान हाताला भरीव लागतं, कागदासारखं सुकलेलं नसतं. खालची पानं पिवळी पडायला लागलेली असतात. कधी बुंध्यावर मातीच्या वर पांढरट बारीक मुळांचे कोंब फुटलेले दिसतात, झाड हवेसाठी धडपडत असल्याची ती खूण.

कुंडी तिरकी करून तळाची भोकं बघा. सपाट लादीवर बसलेल्या कुंडीची भोकं बूच मारल्यासारखी बंद होतात. ती दोन विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवली तर निम्मे प्रश्न सुटतात. ताटलीत पाणी साचलं असेल तर ओतून टाका. भोक मुळांनी बुजलं असेल तर तारेने मोकळं करा. तळाशी खडीचा जाड थर देण्याची जुनी पद्धत मात्र सोडा. बारीक मातीतून पाणी खडीत सहजासहजी उतरत नाही, थराच्या वर थांबतं, आणि ओलीचा पट्टा उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळीचा तुकडा पुरेसा आहे, बाकी जागा मातीलाच द्या.

मुळं बघायची असतील तर घाबरू नका. कुंडीच्या कडेने चमच्याने थोडी माती उकरा आणि दोन-तीन मुळं बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरं किंवा मलईच्या रंगाचं आणि ताठ असतं. कोकोपीटमुळे ते तपकिरी दिसू शकतं, म्हणून रंगावर जाऊ नका. मूळ चिमटीत धरून हलकं ओढा. वरची साल सुटून हातात आली आणि आत दोऱ्यासारखी शीर उरली, तर मूळकूज झाली. वासही येतो, गटाराच्या कडेला येतो तसा.

निम्मी मुळं शाबूत असतील तर झाड वाचतं. कुंडी पावसापासून आणि दुपारच्या उन्हापासून बाजूला घ्या, मातीला कामटीने भोकं पाडा म्हणजे हवा शिरेल. मोठी फळं काढून घ्या, खालची पिवळी पानं काढा, वरचा भार कमी करा. माती वाफशावर येईपर्यंत थेंबभर पाणी नको. मग ट्रायकोडर्मा पावडर लिटरला ५ ते १० ग्रॅम मिसळून बुंध्याभोवती ओता. पाकिटावरची मुदत बघून घ्या, ती जिवंत बुरशी आहे, मेलेली भुकटी घालून काही होत नाही. त्याच आठवड्यात रासायनिक बुरशीनाशक घातलंत तर ट्रायकोडर्माही मरेल. दोन्हींतलं एकच निवडा, आणि खाण्याच्या कुंडीला माझं मत ट्रायकोडर्माच्या बाजूने.

मुंबई-कोकणात आणि घाटमाथ्यावर हे सगळं पावसाळ्यात होतं. आठवडाभर झड लागलेली असते, झाड हिरवंगार दिसतं, आणि श्रावणातलं पहिलं कडक ऊन पडलं की दोन तासांत कोलमडतं. लोकांना वाटतं ऊन लागलं. खरं तर मुळं आठवडाभर आधीच गुदमरलेली असतात, उन्हाने फक्त ते उघडं केलं. पावसाळ्यात टोमॅटोची कुंडी छपराखाली किंवा पत्र्याच्या आडोशाला असली पाहिजे, आणि पागोळ्यांचं पाणी थेट तिच्यात पडता कामा नये.

आरओचं पाणी आणि पांढरा थर

फ्लॅटमधल्या बागांत हा प्रकार वाढलाय. जलशुद्धीकरण यंत्रातून जे पाणी फेकलं जातं ते वाया जाऊ नये म्हणून लोक कुंड्यांना घालतात. हेतू चांगला आहे, पण नळाच्या पाण्यातले क्षार त्यात एकवटलेले असतात. महिनोन् महिने ते घातलं की कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर जमतो, पानांच्या कडा करपतात, आणि माती ओली असूनही झाड लोंबतं, कारण खारट मातीतून पाणी ओढायला मुळांना जास्त जोर लागतो. बोअरवेलच्या जड पाण्याने, विरघळणारी खतं वरचेवर दिल्याने आणि कच्च्या, न धुतलेल्या कोकोपीटनेही हेच होतं. कुंडी निथळती करून तिच्या आकारमानाच्या दोन-तीन पट साधं पाणी हळूहळू सोडा, सगळं खालून वाहून जाऊ द्या. मग पंधरा दिवस खत बंद. फेकलेलं पाणी लाद्या धुवायला वापरा. कुंड्यांना द्यायचंच असेल तर नळाच्या पाण्यात निम्म्याहून कमी मिसळा आणि पावसाळ्यात कुंड्या एकदा चांगल्या धुऊन निघू द्या. आणि कोरड्या मातीत कधीही खत घालू नका.

बुंध्याशी वाका

पाणी ठीक, निचरा ठीक, क्षारही नाहीत, तर गुडघ्यावर बसा आणि खोड मातीला मिळतं ती जागा बघा. तिथे तपकिरी, खोलगट पट्टा, त्यावर कापसासारखी पांढरी बुरशी आणि आसपास मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती स्क्लेरोशियम बुरशीची बुंधाकूज. पावसाळी दमट हवेत, अर्धवट कुजलेलं खत किंवा पाला बुंध्याला टेकलेला असला की ती हमखास येते. झाड वाचत नाही. दाण्यांसकट वरची तीन-चार इंच माती काढून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कारण ते दाणे मातीत काही वर्षं टिकून राहतात आणि पुढच्या रोपाची वाट बघतात.

बुंधा स्वच्छ आहे पण झाड धरून हलवलं तर सैल लागतं, सहज उपटून येईल असं वाटतं, तर हुमणी. शेणखतातून ती येते. पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी, डोकं तपकिरी. पहिल्या वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी बाभूळ-कडुनिंबावर जमतात आणि अंडी मातीत घालतात, म्हणून पावसाळ्याच्या मध्यावर कुंड्यांत अळ्या सापडतात. कुंडी उलटी करून हाताने वेचून काढणं हाच सगळ्यात खात्रीचा उपाय. खत भरण्याआधी चाळून घेतलं तर वेळच येत नाही. खतात सापडणारी प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. जमिनीवर ठेवल्यावर पाठीवर उलटी होऊन सरपटते ती कुजलेलं खाणारी, तिला खताच्या ड्रममध्ये परत सोडा.

उपटलेल्या मुळांवर लहान-मोठ्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म जंत. चवळी किंवा मेथीच्या मुळांवरच्या गाठी नखाने सहज सुटतात, त्या उपकारक असतात. सूत्रकृमींच्या गाठी म्हणजे फुगलेलं मूळच असतं, त्या सुटत नाहीत. झाड लगेच मरत नाही, खुरटतं, दुपारी लोंबतं, पिवळट राहतं. आहे तो हंगाम निंबोळी पेंड आणि चांगल्या कंपोस्टवर काढा, नंतर त्या कुंडीत दाट झेंडू लावा. झेंडूच्या मुळांतून सूत्रकृमींना मारक द्रव्य सुटतं. पण एखादं शोभेचं झाड कोपऱ्यात लावून उपयोग नाही, पूर्ण कुंडीभर तीन महिने झेंडू हवा. काही ठिकाणी यासाठी दाणेदार विषारी औषध सुटं देतात. घरात खायच्या भाजीच्या कुंडीत ते टाकू नका.

एकच फांदी लोंबली असेल तर आधी साध्या गोष्टी बघा. सुतळी खोडात रुतली आहे का, कबुतराने बसून फांदी मुडपली आहे का, फांदीला भोक आणि बाहेर भुसा आहे का. आणि शेंडाच फक्त लोंबलाय, कोवळी पानं तांबूस-काळपट झालीत, खोडावर काळे ओरखडे आहेत, तर फुलकिड्यांनी आणलेला विषाणू समजा. त्याला औषध नाही. झाड त्याच दिवशी पिशवीत बांधून काढा आणि बाकीच्या झाडांवर निळे चिकट सापळे लावा.

पेल्यातली चाचणी

आता उरला मर रोग. तो दोन प्रकारचा, आणि दोन्हींत फरक करता येणं फार गरजेचं आहे, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

फ्युजेरियम बुरशीची मर सावकाश येते. खालची पानं आधी पिवळी पडतात, पुष्कळदा झाडाची एकच बाजू, कधी तर एका पानाचा अर्धाच भाग. मग ती बाजू लोंबते, दोन-तीन आठवड्यांत झाड संपतं. बुंध्याची साल नखाने सोलली तर आत तपकिरी रेघा दिसतात.

जिवाणूजन्य मर झपाट्याची. झाड पिवळं पडत नाही, हिरवंच्या हिरवं लोंबतं आणि चार-पाच दिवसांत उभ्या-उभ्या वाळतं. राल्स्टोनिया नावाचा हा जिवाणू मुळांच्या जखमांतून शिरतो, खोडाच्या नळ्यांत वाढतो आणि त्यांत चिकट पदार्थ सोडून त्या बंद करतो. ३० ते ३५ अंशांची उष्ण, दमट हवा त्याला मानवते, म्हणून कोकण आणि गोव्यात टोमॅटो-वांग्याला त्याचा उपद्रव मोठा आहे.

त्याची खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. लोंबलेल्या झाडाचा बुंध्याजवळचा चार इंची तुकडा धारदार सुरीने कापा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या आणि ते अगदी स्थिर होऊ द्या. तुकड्याला दोरा बांधून किंवा चिमट्याने धरून कापलेलं टोक फक्त पाण्यात टेकेल असा सोडा. पेल्यामागे गडद रंगाचा कागद धरा आणि हलवू नका. जिवाणू असेल तर काही मिनिटांत त्या टोकातून दुधाळ, केसाएवढे बारीक धागे सरळ खाली उतरताना दिसतात. एकदा बघितलं की पुन्हा चूक होत नाही. फ्युजेरियममध्ये, मूळकुजीत किंवा पाण्याच्या ताणात पाणी स्वच्छच राहतं. सुरी नंतर स्पिरिटने पुसा आणि पेल्यातलं पाणी कुंडीत न ओतता संडासात टाका.

धागे दिसले तर झाडाचा मोह सोडा. ट्रायकोडर्मा, तांब्याचं औषध, जीवामृत, यातलं काहीही आतल्या जिवाणूला गाठत नाही. अँटिबायोटिकची पुडी घालायचा सल्ला मिळेल, तो मानू नका. झाड मुळांसकट काढा, कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकू नका. त्या कुंडीतून निथळलेलं पाणी शेजारच्या कुंड्यांखाली जात असेल तर आजच्या आज सगळ्या कुंड्या विटांवर उचला. गच्चीवर हा रोग एका कुंडीतून दुसरीत जातो तो बहुधा असा, वाहत्या पाण्यातून. बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातले फुटवे, काढायची कात्रीही झाडागणिक पुसत चला.

साध्या पाणीसाचीमुळे किंवा मूळकुजीमुळे झाड जात असेल तर मात्र एक सोय आहे. वरची निरोगी बगलफूट पाच-सहा इंचांची कापून पाण्यात किंवा ओल्या कोकोपीटमध्ये ठेवली तर आठवड्या-दीड आठवड्यात मुळं फुटतात आणि त्याच वाणाचं नवं रोप मिळतं. मर रोगाच्या झाडाची फूट घेऊ नका, रोग तिच्यात आधीच असतो.

दर वर्षी तेच होत असेल तर

मातीतला मर रोग माती न बदलता सहसा जात नाही. त्या मातीत पुढची काही वर्षं टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा, ढोबळी मिरची यातलं काही नको, ही सगळी एकाच कुळातली. मेथी, कोथिंबीर, लसूण, पालक खुशाल लावा. कुंडी रिकामी करून घासून धुवा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात अर्धा तास बुडवा, उन्हात वाळवा. फ्युजेरियम किंवा सूत्रकृमींची माती टाकायची नसेल तर एप्रिल-मेमध्ये ती ओलसर करून गच्चीवर सहा इंचांपेक्षा कमी जाडीचा थर पसरा, पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाका, कडा विटांनी दाबा आणि चार ते सहा आठवडे तापू द्या. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच. जिवाणूच्या मरीला याचा भरवसा कमी, तिथे माती बदलणंच बरं.

वाण निवडताना बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा अर्का रक्षक बघा. पानं चुरगळवणारा पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तो तोंड देतो. अर्का सम्राटही तसाच. हे संकरित वाण आहेत, त्यांच्या फळांतलं बी धरून लावलं तर तोच गुण येईल असं समजू नका. पाकिटावर एफ किंवा एन अशी अक्षरं असली तर अनुक्रमे फ्युजेरियम आणि सूत्रकृमींना प्रतिकार आहे असं समजायचं. दुसरा मार्ग वांग्याच्या खुंटावर कलम केलेल्या रोपाचा. वांग्याची मुळं जिवाणूलाही दाद देत नाहीत आणि साचलेलं पाणीही टोमॅटोपेक्षा जास्त सोसतात, अर्थात त्यासाठी निवडलेला खुंट हवा, कुठलंही वांगं नाही. असं रोप मिळालं तर लावताना कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा. साधं टोमॅटोचं रोप आपण खोडापर्यंत गाडतो, ती सवय इथे घातक, कारण जोड गाडला की वरच्या टोमॅटोला स्वतःची मुळं फुटतात आणि रोग त्यातून शिरतो.

नारायणगावच्या पट्ट्यात टोमॅटोचे शेतकरी उंच गादीवाफा, ठिबक आणि मातीवर अंथरायचा मल्चिंग पेपर वापरतात. मुळांशी हवा आणि सारखी ओल राहावी, ही त्यामागची मोठी कारणं. कुंडीत तेच करायचं असेल तर विटांवर उचललेली कुंडी, रोज ठरलेल्या वेळी हात लावून मग घातलेलं पाणी, आणि मातीवर पाला. पेरणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात करा, रोपं नवरात्राच्या सुमारास कुंडीत जातात, पावसाचा जोर ओसरलेला असतो, आणि फळं डिसेंबर ते फेब्रुवारीत, थंडीत मिळतात. आत्ता कुंडीत झाड लोंबलेलं असेल तर उद्या सकाळी सहाला त्याच्याकडे जा, कुंडी उचला, आणि वर सांगितलेल्या क्रमाने एकेक गोष्ट खोडत चला.